पारखून घेतलेली सुई

पोस्टकार्ड मंगळवारी दुपारी आलं आणि सरपंच उकंडरावांनी ते तीनदा वाचलं. एकदा मनात, एकदा मोठ्यानं, आणि एकदा चावडीच्या ओट्यावर चढून. तिसऱ्या वेळी त्यांचा आवाज असा काही चढला की ओट्याखाली निजलेलं कुत्रं उठून नाल्याकडे चालतं झालं.

"ऐका हो, ऐका! सावळदरीच्या सौभाग्यवती झुंबरबाई अर्जुनराव यांच्या जात्यावरच्या ओव्या पुढच्या बुधवारी संध्याकाळी साडेसहा वाजता नागपूर रेडिओवरून ऐकवण्यात येतील! अरे नागपूर, नागपूर! मोताळा नाई!"

झुंबरबाई म्हणजे उकंडरावांच्या धाकट्या भावाची, अर्जुनरावांची बायको. महिन्यापूर्वी चिखलीला शेतीचं प्रदर्शन भरलं होतं. अर्जुनराव आपले कांदे घेऊन गेले होते, आणि कांद्यांबरोबर घरच्या दोघी जावाही गेल्या होत्या. तिथं रेडिओवाले साहेब आवाज भरून घ्यायचं यंत्र घेऊन बसले होते. थोरल्या सोजराबाईनं धाकटीला मागून ढकललं, धाकटीनं डोळे मिटून पाच ओव्या म्हटल्या, आणि दोघी भजी खाऊन घरी आल्या. कांद्यांना बक्षीस मिळालं नाही. ओव्यांचं मात्र असं होऊन बसलं.

आता तुम्ही म्हणाल, घरचीच बाई, घरच्याच ओव्या, त्यात सरपंचानं एवढं नाचायचं काय? तर त्याला कारण होतं. नवऱ्याच्या थोरल्या भावाला, म्हणजे भासऱ्याला, घरच्या सुनेनं तोंड दाखवायचं नाही आणि आवाजही ऐकवायचा नाही, अशी त्या घरची रीत. झुंबरबाईनं ती बावीस वर्षं पाळली होती. पहाटे ती जात्यावर बसे, पण उकंडरावांच्या वहाणांची करकर आली की जातं फिरत राही आणि ओवी थांबे. तिला काही सांगायचं झालं तर उकंडराव गोठ्यातल्या गाईला सांगत. "कपिले, चहा झाला असन त अर्जुनाजवळ धाडून दे म्हणा." मग चहा येई. गाईच्या हातून एवढी कामं करून घेणारा माणूस साऱ्या जिल्ह्यात दुसरा नसेल.

"बावीस वर्सं झाली, अर्जुना!" ओट्यावरून उतरताना उकंडरावांनी भावाचा दंड धरला. "एका छपराखाली राह्यतो आपण. लोकं म्हणतात, झुंबरबाईचा गळा म्हणजे गळा. आनं मले माहीत नाई थो कसा हाये! नागपूरच्या सायबाले माहीत, चिखलीच्या भजेवाल्याले माहीत. मले नाई. बुधवारी मले थो आवाज ऐकायचा हाये. काय वाट्टेल थे झालं तरी ऐकायचा हाये!"

अर्जुनराव गरीब माणूस. ते म्हणाले, "हाव भाऊ."

अडचण एकच होती. जिल्हा परिषदेनं ग्रामपंचायतीला दिलेला बॅटरीचा रेडिओ चावडीत दीड वर्षं ठेवला होता, आणि दीड वर्षात त्यातून खर्र खर्र याखेरीज फारसं काही निघालं नव्हतं. दोष रेडिओचा नव्हता. सावळदरी दोन टेकड्यांच्या मधल्या खळग्यात वसलेली, नागपूरचं काही तिथवर धड उतरतच नसे.

"टेकडीवर नेऊन लावू," कोणीतरी सुचवलं.

"हाव, आनं माह्या घरच्या बाईचं गाणं ऐकाले गावातल्या म्हाताऱ्या डोंगर चढतीन? गावात वाजन!" उकंडराव गरजले. "रंगा कुठी गेला? रंगाले बलावा!"

रंगराव हा गावचा रेडिओवाला. अकोल्याला वर्षभर राहून तो काम शिकून आला होता. गावात वीज नव्हती, म्हणून चुलीत डागणी तापवून तो तारा जोडायचा. माणूस हुशार, पण आवाज बारीक. कोणी मोठ्यानं बोललं की त्याचं खरं असलेलं म्हणणंही घशातच राहून जाई.

"सरपंच, लहरी साऱ्या गावात सारख्या नाई पडत," तो म्हणाला. "या कोपऱ्यात कमी, थ्या कोपऱ्यात जास्त. जिथी नागपूर चांगलं पडते थे जागा हुडकायची. तिथी चाळीस फुटांचा बांबू उभा करून तार बांधायची. पण जागा हुडकाले मीटर पाह्यजे. सुईचं. चिखलीले वामनरावाच्या दुकानात भेटते."

"मंग घेऊ!"

"लय महाग असते, सरपंच. पाहून, पारखून घ्या लागते."

पारखून हा शब्द ऐकताच उकंडरावांच्या चेहऱ्यावर तेज आलं. पारख हा त्यांचा प्रांत. बैलबाजारात त्यांच्या शब्दाला किंमत होती. निदान त्यांच्या स्वतःच्या मते तरी होती. दोन वर्षांपूर्वी मोताळ्याच्या बाजारातून त्यांनी एक भलता उमदा, उड्या मारणारा बैल आणला होता, आणि तिसऱ्याच दिवशी तो बैल औतासकट शेतातून जो उधळला तो पाच कोसांवरच्या मोताळ्याला, जुन्या मालकाच्या गोठ्यात जाऊन उभा राहिला. औत वाटेत कुठंतरी पडलं. पण ही गोष्ट गावात त्यांच्यासमोर कोणी काढत नसे.

इकडे ही धामधूम चालू असताना घरात झुंबरबाईच्या तोंडचं पाणी पळालं होतं. तिनं सोजराबाईला ओढतच चुलीपाशी नेलं.

"बाई, मले आता तुम्ही हिरीत ढकलून द्या."

"काऊन व? रेडिओवर नाव येऊन राह्यलं अन् हिरीत जाते?"

"अव बाई, पाचवी ओवी कोणती म्हटली म्या, आठवते का? बैलाची!"

सोजराबाईनं तोंडावर पदर धरला. बैलाची ओवी दोघी जावांनी मिळूनच रचली होती. पहाटे जात्यावर बसून दोन वर्षं त्या तिच्यावर हसत होत्या, तोंडात पदराचा बोळा कोंबून.

"थ्या सायबानं दोनदा म्हणाले लावली," झुंबरबाई रडकुंडीला आली. "असा हसला, असा हसला का कानावरचं यंत्र खाली पडलं त्याच्या. म्हणे, बाई, हे मी शेवटाले ठेवतो. आता भासरे साऱ्या गावाले जमा करून थे ऐकतीन! बावीस वर्सं त्याहिच्यासमोर म्या चकार शब्द नाई काढला, आनं पहिला शब्द काढीन त थो बैलाचा?"

"मी त म्हणते ऐकू दे," सोजराबाई म्हणाली. "त्याहीले कोणी सांगत नाई म्हणूनच त पारख करत हिंडून राह्यले."

"बाई!"

"बरं बरं. पण आता नागपूरचं तोंड कोण दाबन?"

ते कोण दाबणार हे त्या वेळी दोघींनाही माहीत नव्हतं.

दोन दिवसांत वर्गणी जमली. गुरुवारी उकंडराव, अर्जुनराव आणि रंगराव यष्टीनं चिखलीला पोचले. दुकानदार वामनरावांनी काचेच्या कपाटातून तीन पेट्या काढून फळीवर मांडल्या. पहिली कोरी, मुंबईची, चामडी मुठीची. तिची किंमत ऐकून अर्जुनरावांनी टोपी काढून पुन्हा घातली. दुसरी पलटणीतून निघालेली, जुनी, शेवाळी रंगाची, हातभर जाड. तिसरी पत्र्याची, चकचकीत, वर एक लांब काडी, समोर काचेत लाल सुई.

पहिली सोडून उकंडराव कामाला लागले. धोतर आवरून ते पलटणीच्या पेटीसमोर उकिडवे बसले. पेटीला वरून थाप मारली, खालून हात फिरवला, मागं जाऊन पाहिलं.

"किती दाती हाये?"

"दात?" वामनराव गोंधळले. "याला बटणं आहेत."

"उमर विचारून राह्यलो मी."

"असेल पंधरा वर्षांचं. पण एकदम खात्रीचं. हे चक्र फिरवून स्टेशन जुळवायचं. मग फक्त त्याच स्टेशनला सुई हलते."

"हालवा."

"इथं दुकानात, पत्र्याखाली, या वेळी नाही हलायची."

उकंडरावांनी बराच वेळ सुईकडे पाहिलं. सुई शून्यावर शांत पडून होती. त्यांनी काचेवर टिचकी मारली. सुई शांत.

"हा बसका हाये," त्यांनी निकाल दिला.

बसका म्हणजे मानेवर जू ठेवलं की खाली बसणारा बैल. शेतकऱ्याच्या तोंडी त्याहून वाईट शिवी नाही. रंगरावानं घसा खाकरला. "सरपंच, जिथी काही नाई तिथी न हालणं हाच त्याचा गुण हाये. याले घेऊ. वर्गणीत बसते."

"रंगा, बैल न चालणं हा कधीपासून गुण झाला बे? थो तिसरा दाखवा."

वामनरावांनी तिसऱ्याचं बटण दाबलं. तेवढ्यात रस्त्यावरून एक फटफटी धडधडत गेली आणि लाल सुई ताडकन सहावर जाऊन थरथरायला लागली.

"पाह्य! पाह्य पाह्य!" उकंडराव टुणकन उठले. "जनावर जित्तं हाये! अर्जुना, पाह्यली का उडी?"

"सरपंच, थे फटफटीची ठिणगी..." रंगराव म्हणाला.

"अबे, फटफटी गेली का मेलेलं जनावर बी कान टवकारते, हा त टवकारीनच! पण थो बसका काऊन नाई हालला मंग? फटफटी त दोघाहीच्या समोरून गेली."

याला उत्तर होतं. रंगरावाच्या घशात ते आलंही होतं. पण तोवर उकंडरावांनी खांद्यावरचा रुमाल काढून वामनरावांच्या हातावर टाकला होता, आणि रुमालाखाली बोटं धरून बैलबाजाराचा सौदा सुरू झाला होता. वामनरावही बाजाराच्या गावचे. त्यांचे डोळे लकाकले. एक बोट, तीन बोटं, तळहातावर एक रेघ, मान नाही म्हणून हलली, पुन्हा दोन बोटं. शेवटी दोघांनी एकदम "झालं!" म्हटलं आणि दोघांच्याही चेहऱ्यावर समोरच्याला बुडवल्याचा आनंद होता.

संध्याकाळी यष्टी गावात आली तेव्हा पाटीत पत्र्याची पेटी घेऊन अर्जुनराव पुढं, आणि मागं उकंडराव. नवं जनावर घरी आलं की दारात ओवाळायचं, ही रीत. सोजराबाईनं पेटीला कुंकू लावलं, भाकरीचा तुकडा ओवाळून टाकला आणि पायांवर पाणी घालण्यासाठी तांब्या तिरका केला, तेव्हा रंगरावानं किंकाळी फोडून पेटी डोक्यावर उचलली. दाराआडून झुंबरबाई पाहत होती. तिला त्या सुईचा असा राग आला की काय सांगू.

शुक्रवारी सकाळी लहरी मोजायला सारं गाव निघालं. रंगराव पेटी घेऊन, उकंडराव त्याच्या पुढं, मागं माणसं, बाया, आणि दोन बकऱ्या. चावडीपाशी सुई एकावर. देवळापाशी एकावर. अर्जुनरावांच्या कांद्याच्या वाफ्यात दीडवर गेली, तेव्हा तिथंच रेडिओ लावावा म्हणून लोक वाफ्यात शिरले आणि अर्जुनरावांनी आयुष्यात पहिल्यांदा आरडाओरडा केला. मग मिरवणूक वळली ती गावाच्या टोकाला, भगवानरावांच्या पिठाच्या गिरणीकडे.

गिरणी आत धडधडत होती. रॉकेलवर चालणारं इंजिन, प्लग असलेलं, फटफटीसारखंच पण दसपट मोठं. दारापासून वीस पावलांवर सुई थरथरली. दहा पावलांवर पाचावर गेली. दारात ती सरळ दहावर जाऊन काचेच्या कडेला टिक् करून आपटली.

काय तो जल्लोष! टोप्या उडाल्या. पिठानं पांढरे झालेले भगवानराव बाहेर आले आणि कशाबद्दल ते न कळताच हात जोडून उभे राहिले.

"भगवानराव, तुमच्या दारात नागपूर सापडलं!" उकंडरावांनी त्यांना मिठी मारली आणि स्वतःही पांढरे झाले.

"सरपंच, एक डाव इंजिन बंद करून मोजू," रंगराव ओरडला. हे मात्र सगळ्यांनी ऐकलं.

इंजिन बंद झालं. सुई दहावरून निघाली ती एकावर येऊन बसली.

टोप्या वेचायला वाकलेले लोक तसेच वाकून राहिले.

"पळालं!" उकंडराव किंचाळले. "नागपूर पळालं! चालू करा, चालू करा लवकर!"

इंजिन चालू झालं. सुई पुन्हा दहावर. उकंडरावांनी कपाळावरचा घाम पुसला आणि त्यांना सारं उमगलं. ते त्यांनी तिथंच सर्वांना समजावून सांगितलं. "मोट पाणी ओढते का नाई? तशी हे गिरणी लहरी ओढून राह्यली. चाक फिरलं का लहरी आल्या, चाक थांबलं का गेल्या. समजलं?"

सगळ्यांना समजलं. समजलं नाही ते फक्त रंगरावाला, कारण तो अकोल्याला शिकून आला होता.

रविवारी गिरणीच्या अंगणात चाळीस फुटांचा बांबू उभा राहिला आणि रेडिओ चावडीतून दारापाशी आला. लावून पाहिला, तर खर्र खर्रच्या जागी असा भडका उठला की बकऱ्या दावं तोडून गेल्या. उकंडरावांना त्याचंही कौतुकच वाटलं. "जोर पाह्य किती हाये! आता नागपूरवाले बोलतीन तवा समजन."

सोमवारी भगवानराव सोयरिकीला बाहेरगावी गेले होते, गिरणी बंद होती. रंगरावानं गुपचूप जाऊन रेडिओ लावला. एवढ्या उंच बांबूवरच्या तारेनं आपलं काम केलं होतं. कापसाचे भाव सांगणारा नागपूरचा माणूस खणखणीत बोलायला लागला. जणू शेजारच्या ओट्यावर बसला होता! रंगराव तसाच पळत उकंडरावांच्या अंगणात आला.

"सरपंच! गिरणी बंद ठेवा! आवाज आला, साफ आवाज आला!"

"सुई केवढ्यावर व्हती?"

"एकावर, पण..."

"सुई एकावर, आनं तू म्हणतो आवाज आला! वर्गणी देऊन सुई आणली, थे खोटं बोलन, आनं तुहे कान फुकटचे, थे खरं बोलतीन? जाय बावा, झोप घे जरासी."

रंगराव हिरमुसून गेला. पण हे सारं बोलणं दाराआडून झुंबरबाईनं ऐकलं होतं. गिरणी बंद, आवाज साफ. गिरणी चालू, आवाज बंद! तिला हर्ष मावेना. त्या पत्र्याच्या पेटीवरचा तिचा सगळा राग पळाला, आणि तिनं जाऊन सोजराबाईच्या कानात आपला बेत सांगितला. थोड्या वेळानं सोजराबाई उकंडरावांपुढं येऊन गंभीरपणे म्हणाली, "धाकटी म्हणते, बुधवारी गिरणी एक घडी बी थांबाले नाई पाह्यजे. दळण कमी पडलं त थे आपल्या घरचा सारा जोंधळा देते."

उकंडरावांच्या डोळ्यांत पाणी आलं. ते गोठ्याकडे वळले. "कपिले, तिले म्हणा, असं मन लाखात एखांद्याचं."

बुधवारी पाच वाजल्यापासून गिरणीच्या अंगणात पाय ठेवायला जागा नव्हती. ज्यानं त्यानं दळण आणलं होतं. ज्यांचं संपलं होतं त्यांनी उसनं आणलं होतं. रुमालानं पुसलेला रेडिओ स्टुलावर, त्याच्याजवळ पत्र्याची पेटी, तिच्यावर ताजं कुंकू. सुई दहावर ताठ. पुरुष पुढं, बाया मागं, आणि बायांच्या मागं, गिरणीच्या अगदी दाराशी, डोईवर पदर ओढून झुंबरबाई. तिच्याशेजारी दोन पोती जोंधळा. एक टोपली गिरणीत रिकामी झाली की ती दुसरी भरून आत सरकवत होती.

साडेसहा झाले. उकंडरावांनी हात वर केला. सगळे चूप.

रेडिओनं भडका उडवला.

"यीन, यीन," उकंडराव म्हणाले. त्यांनी कान रेडिओला लावला. नंतर दोन्ही हातांनी रेडिओ धरला. मग डोळे मिटले. त्या भडक्यात कुठंतरी खोल एक बाईचा आवाज होता, पण तो आवाज म्हणजे नुसता धागा, धरू जावं तर तुटत होता. पहिली ओवी गेली. दुसरी गेली. घड्याळात पाच मिनिटं गेली. लोक एकमेकांकडे पाहायला लागले.

"रंगा, वाढव!"

"वाढवला त भडका बी वाढते, सरपंच!"

"भगवानराव, इंजिन जोरात करा! लहरी कमी पडून राह्यल्या!"

इंजिन जोरात झालं. रेडिओत काही म्हणता काही उरलं नाही. उकंडरावांनी कान काढला नाही. त्या भल्या माणसाचं तोंड लहान पोरासारखं झालं. ते कोणाला उद्देशून नाही, आपल्याशीच म्हणाले, "बावीस वर्सं झाली. आज बी नाई का?"

हे झुंबरबाईनं पाहिलं. ऐकू आलं नाही, पण ओठ तिला वाचता आले, आणि तिच्या हातातली टोपली तशीच राहिली. तिसरी गेली असेल. चौथी चालू असेल. आपला आवाज. तिकडे मोताळ्याला, बुलढाण्याला, पार कुठल्या कुठं लोक ऐकत असतील, आणि आपल्याच गावात आपण जोंधळा घालून त्याचा गळा दाबतो आहोत! तिला भासऱ्यांचीही दया आली आणि स्वतःचीही आली. आयुष्यात एकदाच आलेली गोष्ट, ती पिठात चालली होती.

आणि मग जे झालं ते सावळदरीत अजून सांगतात. झुंबरबाई उभी राहिली. पदर खांद्यावर आला, टोपली खाली पडली, आणि इंजिन, रेडिओ, दीडशे माणसं या सगळ्यांच्या वर तिचा आवाज गेला.

"बंद करा थे गिरणी! अहो भासरे, बंद कराले सांगा थे गिरणी, काही ऐकू नाई येऊन राह्यलं!"

उकंडराव रेडिओपासून गर्रकन वळले. कोण ओरडलं ते त्यांना समजायला एक क्षण लागला, कारण तो आवाज त्यांनी कधी ऐकलाच नव्हता. ते पाहतच राहिले. मग त्यांनी नुसता हात हलवला, आणि भगवानरावांनी इंजिन बंद केलं.

सुई दहावरून घसरली. पाच, तीन, एक. आणि पुढल्याच क्षणी गिरणीच्या अंगणात जात्याची घरघर ऐकू आली, बांगड्यांची किणकिण ऐकू आली, आणि झुंबरबाईचा गळा असा मोकळा, असा गोड उमटला की पुढच्या ओळीतल्या म्हाताऱ्यांनी हात जोडले. पाचवी ओवी.

पारखी माझा भासरा, त्यानं उडी पाह्यली बाई
बैल पोचला मोताळ्याले, औत घरी आलंच नाही!

"ही ओवी श्रोत्यांसाठी पुन्हा एकदा," असं नागपूरचा माणूस हसू दाबत म्हणाला, आणि ओवी पुन्हा एकदा आली. दुसऱ्या खेपेला कोणाला शब्द कळले नाहीत असं राहिलं नाही. मग त्यानं झुंबरबाईचं नाव घेतलं, गावाचं घेतलं, जिल्ह्याचं घेतलं, आणि बी-बियाण्यांची माहिती सुरू झाली. रंगरावानं हळूच बटण बंद केलं.

अर्जुनराव बांबूकडे पाहत होते. भगवानराव एकाएकी पट्टा तपासायला लागले. झुंबरबाईनं पदर पुरता तोंडावर ओढला होता. सोजराबाईनं तोंडात बोळा कोंबला होता, पण दोन वर्षं दाबलेलं हसू ते, बोळ्याचं कुठं ऐकतं? ते फुटलं. मग कोणीतरी नाकातून फुसकन आवाज केला. मग दीडशे माणसांनी जमिनीकडे पाहायला सुरुवात केली.

उकंडरावांनी पत्र्याची पेटी उचलली. आता ती फुटते, असं सर्वांना वाटलं. त्यांनी ती डोळ्यांजवळ नेली. आवाज एवढा साफ आला तेव्हा सुई एकावर होती, आताही एकावरच होती. त्यांनी काचेला टिचकी मारली आणि पेटी स्टुलावर ठेवली. मग पलटणीची ती शेवाळी पेटी त्यांच्या डोळ्यांपुढं आली असावी, कारण त्यांनी रंगरावाकडे पाहिलं आणि रंगरावानं खाली मान घातली.

"रंगा."

"हाव, सरपंच?"

"थो बसका विकला का नाई, पाहून येशीन उद्या."

मग ते वळले. कपिला तिथं नव्हती. अर्जुनराव होते, पण त्यांच्याकडेही त्यांनी पाहिलं नाही. गर्दीतून वाट काढत ते सरळ गिरणीच्या दाराशी गेले, झुंबरबाईपासून चार हातांवर थांबले, आणि बावीस वर्षांत पहिल्यांदा तिच्याशी बोलले.

"झुंबरबाई, गळा गोड हाये. पण औत आलं व्हतं."

पदर किंचित त्यांच्याकडे वळला.

"दोन दिवसानं आलं," उकंडराव म्हणाले. "मीच नाल्यातून काढलं, आनं डोक्यावर घेऊन आलो. पाहाटं आलो, म्हणून कोणाले दिसलो नाई."

मग पदराआडून आवाज आला, बारीक, पण अगदी स्पष्ट.

"हाव का? मंग थे बी घालते ओवीत."

आता मात्र उकंडरावच हसायला लागले, आणि मग कोणाला थांबवायचं कोणी? डोळे पुसत भगवानराव आत गेले. पोत्यांतला उरलेला जोंधळा अजून दळायचा होता. त्यांनी इंजिन चालू केलं, आणि स्टुलावरची लाल सुई ताडकन दहावर जाऊन आपटली. तिच्याकडे कोणी पाहिलं नाही.